निसर्गवर्णन नव्हे, जगण्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मराठीतल्या सुरुवातीच्या प्रादेशिक लेखकांवर आलेला लेख आवडला. या पुस्तकांची आठवण कुणी काढली की बरेच वाटते. पण लेखभर त्यांची ओळख ‘निसर्गाची रमणीय चित्रे रेखाटणारे लेखक’ अशीच झाली, ते मात्र पटले नाही. शाळेच्या पुस्तकांनी हीच सवय लावली आहे. कादंबरीतला पावसाचा परिच्छेद उचलायचा, खाली ‘निसर्गवर्णन’ लिहायचे आणि त्या पावसाची वाट पाहणारी माणसे तिथेच सोडून द्यायची.

‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. माणदेश पर्जन्यछायेतला. तिथल्या धनगरवस्तीवर आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी व्यंकटेश माडगूळकर माळ, मेंढरे, उन्हाळे-पावसाळे दाखवतात. वाक्ये छोटी, विशेषणे मोजकी. पण त्यातली एकही ओळ शोभेची नाही. शेकूकडे औताला दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतःच्या खांद्यावर जू घेते. पेरणीची वेळ कुणासाठी थांबत नाही. जमीन, पाऊस आणि माणूस यांचे नाते सांगायला माडगूळकरांना याहून जास्त काही लागले नाही. लेखकाने तिथे हळहळही व्यक्त केलेली नाही, म्हणून तो प्रसंग इतका आत जातो. पुढे पाऊस दगा देतो, धनगर मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. मास्तराने जीव लावून उभी केलेली शाळा पोरांविना उरते. इथे पाऊस हेही एक पात्रच आहे, आणि शेवट तेच ठरवते.

कोकणाचेही तसेच. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मधल्या (१९५२) पोफळीच्या बागा वाचकाला मोह घालतात, हे खरे. पण गारंबीत सुपारी ही पैसा आहे, प्रतिष्ठा आहे, आणि गावाने हिणवलेल्या बापूला पुढे सुपारीच्याच व्यापाराने वर आणले आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’त (१९५५) उजाड होत जाणारे गाव अंबूवहिनी सांगते. घर चालवणाऱ्या बाईला आगर, गोठा, पावसाळ्याची बेगमी यांतले काय कमी झाले ते आधी कळते. तिच्या तोंडी आलेले झाड हे नुसते बघायचे झाड नसते. गोमंतकाच्या खेड्यांतले जीवन वि. स. सुखटणकरांनी ‘सह्याद्रीच्या पायथ्याशी’मध्ये १९३१ सालीच मांडले होते, त्याचा उल्लेख लेखात हवा होता.

त्याहून मोठी उणीव म्हणजे कृष्णराव भालेकर. सत्यशोधक चळवळीतल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकातच ‘बळीबा पाटील’ ही कादंबरी लिहिली, आणि तिचा विषय १८७७चा दुष्काळ. मराठी कादंबरीत खेडे आले ते असे, करपलेल्या शिवारासह. प्रादेशिकतेचा इतिहास सांगताना आपण त्याला वगळतो आणि कोकणच्या हिरवाईपासून सुरुवात करतो, म्हणूनच ‘रमणीय’ हा शब्द इतक्या सहज सुचतो.

या लेखकांना मर्यादा नव्हत्या असे मला म्हणायचे नाही. माडगूळकरांचा मास्तर कितीही मायाळू असला तरी वस्तीत बाहेरून आलेला आहे. पडघवली आपल्याला दिसते ती अंबूवहिनीच्या ओटीवरून. गावकुसाबाहेरून तोच परिसर कसा दिसतो, हे पाहायला अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’पाशी (१९५९) जावे लागते. तिथे दुष्काळ आला की वाट पाहत बसायलाही जागा नाही. आपली माणसे उपाशी मरू नयेत म्हणून फकिरा लूट करतो. वारणेचे खोरे, तिथले डोंगर, रात्रीचा अंधार यांना या कादंबरीत वेगळाच अर्थ येतो, कारण पळणाऱ्याला लपवणारे तेच असतात. ‘बनगरवाडी’ आणि ‘फकिरा’ यांच्यामध्ये अवघी चार वर्षे आहेत. तरी एक प्रादेशिक आणि दुसरी दलित साहित्यातली, अशा वेगळ्या कप्प्यांत आपण त्या ठेवतो आणि क्वचितच शेजारी ठेवून वाचतो. यात दोन्ही पुस्तकांचे नुकसान आहे.

आपली पुरवणी पावसाळ्यात जुन्या साहित्यातले उतारे छापते. यंदा एक विनंती आहे. ढग आणि हिरवळ यांचे परिच्छेद वेगळे काढू नका, शेकूच्या बायकोचा प्रसंग मागच्या-पुढच्या मजकुरासह छापा. त्याच पानावर ‘फकिरा’तला दुष्काळही येऊ द्या. आणि शक्य झाल्यास भालेकरांवर एखाद्या अभ्यासकाकडून स्वतंत्र लेख लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक