ओढू नकोस!

प्रिय मित्रा,

पत्र लिहायला फार उशीर झाला, शिव्या मनातल्या मनात घाल. तब्येत बरी, गुडघा तसाच कुरकुरतो. लिहितोय ते शिकाऊ पोरांमुळे. अँजिओप्लास्टी करताना स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) तो वाहून नेणाऱ्या फुग्यावरून, म्हणजे बलूनवरून, निसटला तर पहिलं काय कराल, विचारलं. सगळे एका सुरात म्हणाले, "मागे ओढू!" हा घोर तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

अर्धवट सरकलेला स्टेंट गाइडमध्ये, म्हणजे धमनीच्या तोंडाशी बसवलेल्या नळीत, ओढला की गाइडच्या तोंडाची कड त्याला पुरता सोलून काढते. गाइड धमनीच्या रेषेत आणायचा. तरी अडला तर गाइड आणि बलून मिळून एकत्र बाहेर, वायर (ज्या बारीक तारेवरून बलून आणि स्टेंट आत सरकतात ती) शक्यतो जागेवर ठेवून. पूर्ण निसटला पण वायरवरच असेल तर वायर म्हणजे जीव. 1.5 मिमीचा बलून स्टेंटमधून पार न्यायचा, त्याच्या पलीकडे कमी दाबावर फुगवायचा आणि सगळं हळूहळू मागे आणायचं. बलून शिरत नसेल तर स्टेंटच्या बाहेरून दुसरी वायर घालून दोन्ही एकाच टॉर्करमध्ये, वायर फिरवायच्या पकडीत, पिळायच्या. मग उरतो तुझा लाडका स्नेअर, तारेचा फास. मधोमध पकडलास तर स्टेंट दुमडतो आणि गाइडमध्ये शिरतच नाही. अलीकडचं टोकच धर.

आपलं जुनं भांडण इथेच. निसटलेला स्टेंट दुसऱ्या स्टेंटने धमनीच्या भिंतीला चेपणं म्हणजे हार, असं तू म्हणायचास. मी अजूनही म्हणतो, छोट्या फांदीत तासभर मासेमारी करून धमनी फाडण्यापेक्षा ते शहाणपण. लेफ्ट मेनमध्ये, हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत, मात्र तुझंच खरं, पण हे सरांना सांगू नकोस.

या धांदलीत हेपरिन, रक्त गोठू न देणारं औषध, हमखास विसरतं. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 250 सेकंदांच्या खाली गेला की अडकलेल्या धातूवर गुठळी धरते. बाहेर आलेला स्टेंट टेबलावर ठेवून लांबी ताडून पाहायची, तुकडा आत राहिला नाही ना. रेडियलमधून, मनगटाच्या धमनीतून, काढताना शीथमध्येही (तिथे घातलेल्या प्रवेशनळीत) अडतो. जोर न करता शीथसकट काढावा, आणि वायर आतच ठेवली तर नवा शीथ घालता येतो.

खरा दोष बहुतेकदा आधीचा असतो: धमनीत साचलेली चुनखडी नीट न फोडता, वळणावर पुरेसा आधार नसताना स्टेंट पुढे रेटलेला. पोरांना हे कसं पटवू?

नवी नोकरी, नवं घर, अभिनंदन! वहिनींना नमस्कार. स्नेअरवर उलट टपाली भांड.

तुझाच