डॉक्टर म्हणाले सहा, बाबांनी ऐकले दहा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

माझे बाबा ७१ वर्षांचे. चौदा वर्षांपासून शुगर, त्यातली तीन वर्षं इन्सुलिन. मागच्या उन्हाळ्यात एका दवाखान्यात त्यांचा रात्रीचा डोस बारावरून सहा युनिटवर आणला. कूलरची घरघर, मागे लांब रांग, डॉक्टर मास्कमधून बोलत होते. बाबांनी मान डोलावली. घरी येऊन म्हणाले, "दहा सांगितले."

रात्री अडीचला बनियान घामानं चिंब, हात थरथरत होते. ग्लुकोमीटरवर साखर ५२, धोक्याइतकी कमी. साखरेचं पाणी पाजलं, मी उजाडेपर्यंत त्यांच्या उशाशी बसले. चिठ्ठीवर सहाच लिहिलं होतं. ती वाचायचं आम्हाला सुचलं नाही, ही चूक आमचीही.

सहा आणि दहा यांत फरक एका अक्षराचा. 'स', 'श', 'फ' हे उंच पट्टीचे, बारीक आवाज. मधुमेहात कान बिघडतो तेव्हा बहुतेकदा हेच आधी हरवतात. त्यामुळे माणूस बहिरा वाटतच नाही. दारावरची थाप ऐकू येते, भाजीवाल्याची आरोळी ऐकू येते. मग घरचे म्हणतात, "बाबा ध्यानच नाही देऊन राहिले." मीही म्हणायची. ग्लुकोमीटरची 'टुक्' त्यांना ऐकू येत नव्हती, तेव्हा खरं तर कळायला हवं होतं.

नंतर कानाची तपासणी केली. कागदावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, बरी चालली होती; उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या आणि कानाची नस, दोन्ही वाढलेल्या साखरेनं खराब होऊ शकतात. डोळ्याच्या पडद्याचं आणि किडनीचं होतं, जवळपास तसंच. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहींमध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलं. साखर नुसती काठावर असलेल्यांमध्येही ते सुमारे ३० टक्के जास्त होतं.

बाबा आयुष्यभर कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. तेव्हा कान गिरणीच्या गोंगाटानं नेला, वयानं की शुगरनं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. चौदा वर्षांत त्यांचे पाय पाहिले, डोळे पाहिले, लघवी तपासली. कान एकदाही नाही.

२०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानं देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचं सांगितलं. मधुमेहासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, बहिरेपणासाठीही आहे. दोन्ही एकाच जिल्ह्यात चालतात, पण एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर जात नाही. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं आपल्या नाही, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, हे मला ठाऊक आहे. पण केस पेपर हातात घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला खातं कोणतं याच्याशी काय करायचं?

मागणी छोटी आहे. मधुमेहाच्या कार्डावर डोळे-पाय-किडनीच्या खाली 'कान' अशी एक ओळ छापा. वर्षातून एकदा सिस्टरनं रुग्णाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभं राहून, त्याचा एक कान बंद करून, दुसऱ्यात चार आकडे कुजबुजावेत. त्याला यंत्र लागत नाही, दोन-तीन मिनिटं पुरतात. चुकलेल्यांना तेवढं कानाच्या यंत्रावरच्या तपासणीसाठी पुढे पाठवा. आणि इन्सुलिनचा डोस नुसता तोंडी सांगू नये, रुग्णाकडून परत वदवून घ्यावा, असं एक पत्रक काढा.

डिसेंबरात अधिवेशनाला आपण नागपुरात याल. एखाद्या सकाळी कुठल्याही सरकारी दवाखान्यात शुगरच्या रांगेशेजारी उभे राहा. मास्क लावून, नेहमीच्या आवाजात एकेकाला 'सहा' म्हणा आणि काय ऐकलं ते विचारा.

आपली,
महाल, नागपूर येथील एका मधुमेही बापाची लेक