वस्ताद, आतल्या कडीबद्दल आभार

आदरणीय वस्ताद,

हे पत्र तुम्ही नातवाकडून वाचून घ्याल आणि मध्येच "बास की आता" म्हणाल, हे मला ठाऊक आहे. पण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून इथं, चारचौघांसमोर लिहितेय.

माझ्या कुंग फूच्या क्लासला जागा मिळावी म्हणून मी कोल्हापुरातल्या पेठा पालथ्या घातल्या होत्या. एक हॉलवाले म्हणाले, उड्या मारून फरश्या फोडाल. अहो, मी शिकवते त्या विंग चुन या कुंग फूच्या प्रकारातला पहिला फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, सिउ निम ताओ, सगळाच्या सगळा एका जागी उभं राहून करायचा असतो! पाऊल उचलतच नाही. करून दाखवते म्हटलं, तर बघायचीही तयारी नाही. त्याच हॉलमध्ये हळदीला डीजेवर वऱ्हाड नाचतं, तेव्हा फरश्या शाबूत राहतात. एका शाळेनं मैदान कबूल केलं आणि पत्रकं छापून झाल्यावर शब्द फिरवला. एक पुढारी म्हणाले, उद्घाटनाला बोलवा, जागेचं मी बघतो. ते अजून बघतायत.

नाही म्हणायला खरं तर तुमच्याकडे जास्त कारणं होती. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं त्या गावातली जुनी तालीम, शेजारी लाल मातीचा हौद, आणि तिथं चिनी विद्येचा क्लास, तोही बाईचा! तुम्ही म्हणालात, "उभी राहून दाव." गुडघे आत घेतलेला पवित्रा बघून आधी हसलात. मग खांद्याला धरून रेटून बघितलंत. मी हलले नाही. "बूड पक्कं हाय," म्हणालात, आणि हौदामागच्या खोलीची किल्ली दिलीत. ना अर्ज, ना डिपॉझिट.

तेव्हा मी तुम्हाला विंग चुनचे गुरू इप मॅन यांची गोष्ट सांगितली होती. चीन सोडून हाँगकाँगला आलेल्या या माणसाकडे १९५० साली शिकवायला स्वतःची जागा नव्हती. हॉटेल कामगारांच्या युनियनच्या जागेत त्यांनी सुरुवात केली. पुढे ब्रूस ली त्यांच्याच हाताखाली शिकला. तुम्ही विचारलंत, "जागा देनाऱ्याचं नाव ऱ्हायलं का कुठं?" राहिलंय, वस्ताद. युनियनमधले लेउंग शेउंग. ते पुढे इप मॅन यांचेच शिष्य झाले. आमच्या बोर्डावर मात्र तुमचं नाव घालू दिलं नाहीत. इथंही घालत नाही, बजावलंयत म्हणून.

पण मला लिहायचंय ते कडीबद्दल. त्या खोलीच्या दाराला कडी फक्त बाहेरून होती. तालमीत पोरंच यायची, आतून लावायची गरज कुणाला? पहिल्या दिवशी मुलींना घेऊन आले तर आतल्या बाजूला नवी कोरी पितळी कडी, खाली सुताराचा भुसा तसाच पडलेला. मी काही मागितलं नव्हतं. मला स्वतःला ते सुचलंही नव्हतं. "पोरी कापडं बदलनार, मग आतनं कडी नको व्हय?" एवढंच बोललात आणि पाठ फिरवून जोर मारणाऱ्यांवर ओरडायला गेलात. एका मुलीची आई पाठवू की नको अशा विचारात दारातच उभी होती. तिनं ती कडी दोनदा लावून-काढून बघितली आणि मुलीची बॅग आत ठेवली.

विंग चुनची दंतकथा सांगते की ही विद्या एका भिक्षुणीनं एका तरुण मुलीला शिकवली. आपल्याकडे मुलींनी स्वसंरक्षण शिकावं यावर भाषणं देणारे पुष्कळ आहेत. त्या कपडे कुठं बदलतील हे विचारणारा मला एकच भेटला. असे लोक फ्लेक्सवर दिसत नाहीत. गल्लीगल्लीत असतात म्हणे, असतीलही. मला मात्र बरीच दारं ठोठावल्यावर सापडले.

आणि हो, लाइटचं बिल यापुढे आम्ही भरणार. मीटरवाल्याला सांगून ठेवलंय. यावर वाद नको.

तुमची,
हौदामागच्या खोलीतली मास्तरीण