पेशी दबल्या, पण दाबल्या कोणी?

पुणे

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. टी-रेगवरच, म्हणजे बाकीच्या टी-पेशींना आवरणाऱ्या ‘रेग्युलेटरी’ टी-पेशींवरच, पीएचडी करायचं नक्की झालं, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय, आणि तू विचारतोयस की तोवर काय वाचू. वाचायचं काय ते तुझे गाईड सांगतील. मी बाकावर हातानं करायच्या कामाबद्दल लिहिते. फोनवर सांगितलेले आकडे तू लिहून घेत नाहीस, म्हणून पत्र.

या विषयाची एक खोड आहे. बाकीचे लोक घडलेली गोष्ट मोजतात, तू न घडलेली मोजणार. टी-पेशी वाढल्या नाहीत एवढंच यंत्र दाखवतं. त्या टी-रेगनं दाबल्या म्हणून वाढल्या नाहीत, हे तुला सिद्ध करावं लागतं. पेशी उपाशी असतील, गर्दीत गुदमरल्या असतील, डायनं (पेशींना लावलेल्या रंगानं) मेल्या असतील. ग्राफ सगळ्यांचा सारखाच दिसतो.

याच खोडीनं हा विषय एकदा बुडालेला आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रिचर्ड गेर्शन यांनी सप्रेसर, म्हणजे दाबणाऱ्या, टी-पेशींची कल्पना मांडली आणि पुढं दहा-बारा वर्षं तिच्यावर निबंधांचा पूर आला. त्या पेशींची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचा घटक सांगत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदराच्या एमएचसी (आपलं-परकं ओळखायच्या जनुकांच्या) भागातला डीएनए तपासला, तर जिथं आय-जेचं जनुक असायला हवं तिथं त्याला जागाच नव्हती. मग सप्रेसर हा शब्द उच्चारायलाही लोक कचरू लागले. शिमोन साकागुची तरीही मागे लागून राहिले. नवजात उंदराची थायमस ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली की त्याच्या अवयवांवर त्याचीच प्रतिकारशक्ती उलटते, हे जपानमध्ये १९६९ पासून ठाऊक होतं. कोणत्या पेशी कमी पडतात, हे ठाऊक नव्हतं. १९९५ मध्ये साकागुचींनी सीडी२५ ही पेशीच्या पृष्ठभागावरची खूण दिली (सीडी आणि आकडा ही अशा खुणांची नावं). सीडी२५ असलेल्या पेशी वगळून उरलेल्या सीडी४ पेशी थायमस नसलेल्या उंदरात सोडल्या की आजार होतो. वगळलेल्या परत दिल्या की टळतो. काढून बघ, परत घालून बघ, आणि खूण अशी दे की दुसऱ्या प्रयोगशाळेलाही तीच पेशी सापडेल. माझ्या मते सगळा फरक इथं पडला. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ या जन्मतः आजारी उंदरातलं बिघडलेलं जनुक, फॉक्सपी३, शोधलं. माणसात त्याच जनुकाच्या दोषानं मुलग्यांना आयपेक्स हा गंभीर आजार होतो. २००३ मध्ये हे जनुक आणि टी-रेग यांचा धागा जुळला. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं. आता गर्दी वाढेल आणि कच्चे निबंधही वाढतील.

आता रक्ताचं बघ. हेपरिनच्या नळीत घेतलेलं रक्त थंड करू नकोस, काही तासांत वापर. शिळ्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी हलक्या होतात आणि लिम्फोसाइटच्या पट्ट्यात घुसतात. तेवढाच पीबीएस (क्षारांचं बफर) घालून पातळ कर आणि १.०७७ घनतेच्या फिकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) नळीच्या कडेनं अगदी हळू सोड. फिकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर घनता बदललेली असते, पट्टे नीट पडत नाहीत. मग सेंट्रिफ्यूज २० अंशांवर ४०० जीला (गुरुत्वाच्या ४०० पट) ३० मिनिटं, ब्रेक बंद. इथं आरपीएम सांगत नाही, जी सांगते. रोटर बदलला की आरपीएमला अर्थ उरत नाही. ब्रेक चालू राहिला तर पट्टा ढवळतो आणि रक्त वाया जातं. मधला पांढुरका पट्टा उचलताना खालचं फिकॉल ओढू नकोस. शेवटची धुणी २०० जीला १० मिनिटं कर, म्हणजे प्लेटलेट वर राहतात आणि ओतून देता येतात.

हिशोब मात्र रक्त घेण्याआधी मांड. १ मिलि रक्तातून साधारण १० लाख पीबीएमसी (त्या पांढुरक्या पट्ट्यातल्या पेशी) मिळतात, म्हणजे १० मिलितून १ कोटी. त्यातल्या ४० टक्के सीडी४ धरल्या तर ४० लाख, त्यातल्या ५ टक्के टी-रेग म्हणजे २ लाख. पेशी निवडून काढणाऱ्या सॉर्टरमध्ये अर्ध्या गमावशील असं धरून चाल. उरल्या १ लाख. आता चाचणीचा खर्च बघ. दर वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) ५० हजार प्रतिसादक पेशी, म्हणजे ज्यांची वाढ मोजायची त्या, टी-रेगशी प्रमाण १:१, १:२, १:४, १:८, आणि प्रत्येकाचे तीन वेल. टी-रेग लागतात २ लाख ८१ हजार. म्हणजे १० मिलि रक्तात ही चाचणी होतच नाही. ४०-५० मिलि तरी घे किंवा वेलमधल्या पेशी २५ हजारांवर आणून १५-२० मिलि घे. हा गुणाकार न करता सॉर्टरचा वेळ बुक करणारे दर वर्षी नवे येतात!

टी-रेग वेगळ्या काढताना सीडी४ असलेल्या, सीडी२५ भरपूर आणि सीडी१२७ कमी असलेल्या घे. जिवंत पेशी हव्या असतील तर फॉक्सपी३ बघून निवडता येत नाही. ते केंद्रकात असतं आणि त्याला पोचायचं म्हणजे पेशी रसायनानं फिक्स करून (आहे तशी गोठवून) छिद्रं पाडावी लागतात, तिथं ती मरते. फक्त मोजणी असेल तर आधी फिक्स होणारा व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी दाखवणारा रंग), मग पृष्ठभागाच्या अँटिबॉडी, मग फिक्स, मग फॉक्सपी३. डाय वगळू नकोस, मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी चिकटवून घेतात. ग्राफवर हव्या-नको पेशींमधली रेषा कुठं मारायची ते एफएमओ कंट्रोल (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेली नळी) ठरवतो, डोळा नाही. पीई-साय७सारखे जोडडाय उजेडात आणि फिक्सेशनमध्ये तुटतात आणि भलत्याच चॅनेलमध्ये दिसतात, म्हणून कॉम्पेन्सेशनच्या (एका रंगाचा दुसऱ्यात शिरलेला उजेड वजा करायच्या) नळ्याही त्याच बफरमधून, तेवढाच वेळ काढ. अँटिबॉडी आली की आधी टायट्रेशन कर, म्हणजे कितीत भागतं ते बघ: ५, २.५, १.२५, ०.६ मायक्रोलिटर. बऱ्याचदा शिफारशीपेक्षा कमीत काम भागतं, आणि परदेशातून पुढची कुपी येईपर्यंत आठवडे जातात.

माणसात फॉक्सपी३ दिसलं म्हणजे टी-रेगच, असं समजू नकोस. साधी टी-पेशी चेतवली की तीही काही काळ सीडी२५ आणि थोडं फॉक्सपी३ दाखवते. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू असतो. नुकताच ताप येऊन गेलेला दाता निरोगी म्हणून घेतलास तर आकडे फुगतील. दात्याच्या कागदावर ताप, लस, औषधं, वय, लिंग आणि रक्त घेतल्याची वेळ लिही. खात्री हवी तर फॉक्सपी३ जनुकातल्या टीएसडीआर भागाचं डीमिथायलेशन तपास. पक्क्या टी-रेगमध्ये तिथल्या मिथाइल खुणा निघालेल्या असतात. पण हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद, मिथायलेटेडच असतो. म्हणून स्त्री दात्यात शंभर टक्के टी-रेग असले तरी आकडा अर्धा येतो. पुरुष दाते घे, नाहीतर दुरुस्ती करून मांड.

सगळ्यात जास्त वेळ सप्रेशनच्या चाचणीला दे. प्रतिसादक पेशींना सीएफएसई (दर विभाजनाला निम्मा होणारा डाय) लावताना बफरमध्ये सीरम नको. डाय प्रथिनाच्या अमाइन गटांना चिकटतो आणि सीरमच रंगून बसतं. २ ते ५ मायक्रोमोलर, घालताक्षणी ढवळ, पाच मिनिटांनी पाचपट सीरमयुक्त माध्यम ओतून थांबव. ढवळायला उशीर झाला तर विभाजनाआधीच दोन शिखरं दिसतात आणि ती पिढी समजून लोक फसतात. टी-पेशी चेतवणारे सीडी३-सीडी२८ मणी कमी घाल, पाच ते दहा पेशींना एक इथपासून सुरू कर. चेतना जबर झाली तर चांगल्या टी-रेगनाही दाबता येत नाही.

आणि हा कंट्रोल कधीही सोडू नकोस: टी-रेगच्या जागी तेवढ्याच संख्येनं, सीएफएसई न लावलेल्या, त्याच दात्याच्या साध्या सीडी४ पेशी. त्यांनीही वाढ घटली तर तुझं दमन नुसत्या गर्दीचं आहे. शेजारी आयएल-२ (टी-पेशींना वाढायला लागणारं प्रथिन) घातलेले वेल ठेव. टी-रेगवर सीडी२५ भरपूर असल्यानं ते आयएल-२ पिऊन टाकतात. बाहेरून घातल्यावर दमन गेलं तर त्यातला किती भाग निव्वळ उपासमारीचा होता ते कळतं. टी-रेगवरच्या सीटीएलए-४ नं दुसऱ्या पेशींवरचे चेतवणारे रेणू, सीडी८०-सीडी८६, ओरबाडून नेणं तुला या चाचणीत दिसणारच नाही, कारण मण्यांवर ते रेणूच नसतात. त्यासाठी ते रेणू असलेल्या डेंड्रायटिक पेशी घ्याव्या लागतील.

उंदरांवर काम पडलं तर एवढंच: तुलना एकाच वेतातल्या, एकाच पिंजऱ्यातल्या भावंडांत कर. आतड्यातले जंतू बदलले की आतड्यातले टी-रेगही बदलतात.

चाचणी चार दिवस चालते, तेव्हा सुरू करण्याआधी कॅलेंडर बघ. चौथा दिवस अनंत चतुर्दशीला आला तर पेठांतून गणेशखिंडीकडे पोचणं विसर. दिवाळीआधी कार्बन डायऑक्साइडचा राखीव सिलिंडर जोडून ठेव. पेशींच्या लाइनी लागल्या तर एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं) राष्ट्रीय भांडार विद्यापीठाच्या आवारातच आहे; शेजारच्या लॅबमधून फुकट आलेली लाइन मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जंतू) तपासल्याशिवाय इन्क्युबेटरमध्ये शिरू देऊ नकोस. रक्तासाठी नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती आधी. लॅबमधल्या ज्युनियरला बाही वर करायला सांगायचं नाही, त्याला नाही म्हणता येत नाही.

माणसाचं रक्त हाताळणार आहेस, तर हेपॅटायटिस-बीचे डोस आजच मोजायला घे: पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासायची, १० एमआययू प्रति मिलि किंवा त्याहून जास्त हवी. पहिला डोस तिथंच घेऊन ये आणि कार्ड हरवू नकोस, रुजू होताना मागतील.

तुझी,
आई