सरदारला विकले, त्याविषयी

इंदूर, दि. १२ ऑक्टोबर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

फलटणहून मेंढा पाठवण्याविषयीचे तुझे पत्र पोचले. त्याच्या उंचीचे आणि शिंगांचे वर्णन वाचूनही मी लगेच होकार का कळवला नाही, ते सविस्तर लिहितो.

महूच्या रस्त्यावरील आमच्या शेतावर तू आलास तेव्हा तुझ्या छत्रीला धडक देणारा आमचा मेंढा सरदार तुला आठवत असेल. गेल्या महिन्यात मी त्याला विकला. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही.

झाले ते असे. ऐन श्रावणात आमची चार कोकरे गेली. जबड्याखाली पाणी उतरलेले आणि पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक, म्हणजे चौथ्या पोटात बसून रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताचेच काम. कळपाला औषध पाजलेले होते, पण ते लागू पडले नाही. काही दिवस मी औषधालाच दोष दिला. परंतु सगळ्या जनावरांना सरसकट, वारंवार औषध पाजले की त्याला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात आणि पुढे त्यांचीच पैदास होते, तेव्हा दोष माझाही होता. थायाबेंडाझोल हे जंतांवरचे औषध १९६१ साली आले आणि १९६४ सालापर्यंत त्याला न जुमानणारा हिमॉन्कस आढळलासुद्धा.

मग एकेका जनावराची लेंडी तपासून घेतली. थोड्याच मेंढ्यांच्या लेंडीत जंतांच्या अंड्यांचा बहुतेक साठा निघाला, ते अपेक्षितच होते. अनपेक्षित होता तो सरदार: एका ग्रॅममध्ये २,८०० अंडी! आणि पापण्या मात्र लालबुंद. पापणीचा रंग १ ते ५ अशा पायऱ्यांवर ताडून पाहण्याचे दक्षिण आफ्रिकेत तयार झालेले फमाचा कार्ड मी वापरतो, त्यावर सरदार नेहमी पहिल्या पायरीवर असे. कोणाला औषध द्यायचे हे ठरवायला ते कार्ड उत्तम आहे, पण पैदाशीचा मेंढा निवडायला ते पुरत नाही, हे मला तेव्हा उमगले. जंत पोटात बाळगूनही धष्टपुष्ट राहणे निराळे आणि जंताला पोटात थाराच न देणे निराळे. हिमॉन्कसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळ्यात आठवडाभरात त्यांच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि ते गवत कोकरे खातात. म्हणजे आमचा देखणा सरदार स्वतः मजेत राहून दररोज कुरण नासवत होता, आणि शिवाय तोच गुण पुढच्या पिढीत उतरवत होता.

कमी अंड्यांचा गुण मध्यम प्रमाणात आनुवंशिक आहे, त्यामुळे निवडीचे फळ सावकाश मिळते. राजस्थानात अविकानगरच्या संस्थेने मालपुरा मेंढ्यांवर या दिशेने काम केले आहे. सुंदरबनच्या दलदलीतली बुटकी गारोल मेंढी तर हिमॉन्कसला मुळातच चिवट. तुमच्या फलटणला निंबकरांच्या संस्थेने गारोलचे रक्त दख्खनी मेंढ्यांत आणले ते जुळ्यांसाठी. जुळ्यांच्या जनुकाबरोबर जंतांविरुद्धची ताकदही आली असेल, असे मात्र गृहीत धरू नकोस.

म्हणून विनंती अशी, की त्या मेंढ्याला दीड-दोन महिने जंताचे औषध पाजू नकोस. मात्र पापण्या फिकट पडू लागल्या तर थांबूही नकोस. मग त्याच्याबरोबर त्याच कुरणात चरलेल्या आणि त्याच वयाच्या आठ-दहा नरांच्याही लेंड्या तपासून घे, कारण एकट्या आकड्याला अर्थ नाही; दावणीला बांधून चारलेल्या मेंढ्याची लेंडी स्वच्छच निघायची. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा तपास. लेंडी जमिनीवरची न उचलता गुदद्वारातूनच घे, डबीवर नंबर घाल आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचव, नाहीतर अंडी उबून आकडा खोटाच कमी येईल. रात्रभर ठेवावी लागलीच तर डबी फ्रीजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात नको. आणि त्यापूर्वी वहिनींना सांग.

आकडे आले की फोन न करता लिहूनच कळव, म्हणजे ते माझ्या वहीत चिकटवता येतील.

तुझा,
दत्ता