मांड पक्की करायची ती आधी जमिनीवर

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस झाला, मैदानांवर चिखल झाला आणि नागपुरातील घोडेस्वारीचे वर्ग दरवर्षीप्रमाणे थंडावले. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जात असताना पहाटे साडेपाचला रपेट उरकून घेणारी शिबिरांतील मुले आणि माझ्यासारखे चाळिशी उलटल्यावर खोगिरावर चढलेले हौशी लोक आता मैदान वाळेपर्यंत घरीच राहतील. हे महिने वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. स्वाराची बैठक सुधारण्याचे निम्मे काम घोड्यावर होतच नाही, ते घरातल्या सतरंजीवर करावे लागते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि मी पाहिलेल्या एकाही वर्गात ही गोष्ट शिकवली जात नव्हती, याची मला मनापासून खंत वाटते.

माझी नोकरी बँकेतली, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीतले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शहरातील एका वर्गात घोडेस्वारी शिकू लागलो. पुढची दोन वर्षे मला तीनच सूचना ऐकू येत होत्या : टाच खाली, खांदे मागे, कंबर सैल. सूचना चुकीच्या नव्हत्या, परंतु कंबर सैल करायची म्हणजे शरीरात नेमके काय करायचे, हे कोणी सांगितले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. घोडी दुडकीला (उसळत्या, मध्यम वेगाच्या चालीला) लागली की मी खोगिरावर आपटत असे, गुडघे वर सरकत, रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, पायातून निसटे आणि घरी आल्यावर जांघेत दोन-दोन दिवस ठणका राही.

ती घोडी शर्यतीतून निवृत्त होऊन आलेली, स्वभावाने शांत होती. काही महिन्यांनी मात्र तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती कान मागे पाडू लागली आणि डावीकडे वळायला नाखूश दिसू लागली. घोडी हट्टी झाली आहे, असा निष्कर्ष निघाला. एके दिवशी घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने खोगीर उतरवले, त्याखालची जाड घडी, म्हणजे नमदा, उलटा करून माझ्यासमोर धरला आणि घामाचा ठसा दाखवला. उजव्या बाजूला तो दाबून बसल्यासारखा अरुंद आणि गडद होता, डाव्या बाजूला पसरट आणि फिकट. "साहेब, घोडी आखडली नाही जी, तुमची कंबर आखडली आहे. तुम्ही एकाच अंगावर बसता," असे तो म्हणाला. दोन वर्षांत मला मिळालेले ते सर्वांत उपयुक्त मार्गदर्शन होते.

त्यानंतर मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी मला टेबलाच्या कडेवर बसवून मागे आडवे केले, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरायला सांगितला आणि दुसरा पाय कडेवरून सैल सोडायला लावला. खुबा, म्हणजे मांडी जिथे कमरेला जोडलेली असते तो सांधा, मोकळा असेल तर सोडलेली मांडी टेबलाला टेकते. माझी डावी मांडी टेबलापासून वीतभर उंच अडकून राहिली, उजवी चार बोटे. ही तपासणी कोणालाही घरच्या पलंगावर करता येते आणि घोडेस्वारी शिकणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा करून पाहावी.

याचे कारण समजून घेतले की पुढचे व्यायाम आपोआप समजतात. कमरेच्या मणक्यांपासून निघून, जांघेतून उतरून मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला जोडलेला सोआस नावाचा स्नायू आहे. तो मांडी पोटाकडे उचलतो. दिवसभर खुर्चीत बसल्याने तो आखूड स्थितीतच राहतो आणि वर्षानुवर्षे तसे चालले की त्याला लांब व्हायची सवय राहत नाही. खोगिरावर मात्र मांडी खाली सोडावी लागते, कारण कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत असणे ही स्वाराच्या बैठकीची पहिली कसोटी आहे. घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकवून ताठ उभे असल्यासारखे बसावे, असे झेनोफन या ग्रीक सेनानीने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे. खुबा आखडलेला असेल तर मांडी खाली येत नाही आणि तिला जबरदस्तीने खाली ढकलावे तर कंबर पुढे वाकते, पोट सुटते आणि टाच वर येते. आपण टाचेला दोष देत बसतो, अडचण मात्र जांघेत असते.

शिवाय घोडा स्थिर नसतो. तो साध्या चालीने चालतो तेव्हा त्याचे मागचे पाय आळीपाळीने पुढे पडतात, पोट डावी-उजवीकडे झुलते आणि स्वाराचे दोन्ही खुबे एकामागून एक पुढे-मागे, वर-खाली हलवले जातात. माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी ही हालचाल इतकी मिळतीजुळती असते की, चालण्यात अडचण असलेल्या मुलांच्या उपचारांतही तिचा उपयोग करून घेतला जातो. ही हालचाल स्वाराच्या खुब्यांनी स्वीकारली नाही तर ती कुठेतरी जाणारच, म्हणजे एक तर त्याच्या कमरेत नाहीतर घोड्याच्या पाठीत. आपल्या आखडण्याची किंमत एक मुके जनावर मोजते, ही जाणीव मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. घोडेस्वाराच्या बैठकीला आपण 'मांड' म्हणतो आणि चांगल्या स्वाराची मांड पक्की असते असे म्हणतो. या पक्केपणाचा अर्थ अनेक जण, आणि काही शिक्षकही, गुडघे आवळून धरणे असा घेतात. गुडघे आवळले की मांडीच्या आतले स्नायू ताठ होतात, बूड खोगिरावरून उचलले जाते आणि वरचे शरीर गुडघ्यांवर टांगल्यासारखे पुढे झुकते. मांड पक्की म्हणजे वजन खाली उतरून स्थिर झालेली. ती सुटत नाही, कारण घोड्याची पाठ जिकडे जाते तिकडे ती जाते. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने १७४०च्या दशकात येथून थेट बंगालपर्यंत स्वाऱ्या केल्या. इतक्या लांबच्या मजला नुसत्या मांड्या आवळून कोणाला मारता येतील, असे मला वाटत नाही. त्या माणसांचे जेवणखाण, उठणे-बसणे जमिनीवरचे होते. आपण एकाच पिढीत पाट सोडून डायनिंग टेबलावर आलो आणि चालण्याऐवजी स्कूटरवर बसलो.

तरीही नुसते मांडी घालून जेवायला बसल्याने काम भागेल, असा समज करून घेऊ नये. मांडी घालण्याने खुबा बाहेरच्या बाजूला मोकळा होतो, उकिडवे बसण्याने तो पूर्ण वाकतो. पण मांडी मागे नेण्याची, म्हणजे जांघ उलगडण्याची हालचाल या दोन्हींत होत नाही. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने गमावलेली हालचाल नेमकी तीच आहे. म्हणून मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका गुडघ्यावर उभे राहण्याच्या व्यायामाचा. सतरंजीची जाड घडी करून तिच्यावर डावा गुडघा टेकवावा, उजवे पाऊल पुढे ठेवावे आणि पुढे झुकण्याची घाई न करता आधी माकडहाड किंचित खाली-आत वळवून डाव्या नितंबाचा स्नायू आवळावा. एवढ्यानेच जांघेत आणि मांडीच्या पुढच्या बाजूस ओढ जाणवते. मग फार तर दोन बोटे पुढे सरकावे, तीस सेकंद शांत श्वास घ्यावा आणि बाजू बदलावी. दोन्ही बाजूंनी तीनदा. बहुतेक लोक कमरेतून मागे वाकून खूप ताणल्याचे समाधान मिळवतात आणि खुबा जागचा हलत नाही. मी स्वतः पहिले दोन आठवडे हीच चूक करत होतो.

नुसते ताणून मात्र भागत नाही. खुब्याला आधार देणारे नितंबाचे स्नायू दुबळे असतील तर शरीर तो आखडलेपणा पुन्हा धरून ठेवते. त्यासाठी सेतुबंधासन उत्तम : उताणे झोपून गुडघे वाकवावेत, टाचांवर भार देऊन नितंब उचलावेत, वर क्षणभर थांबावे आणि सावकाश खाली यावे, दहा-बारा वेळा. बद्धकोनासनात, म्हणजे बसून तळवे एकमेकांना जुळवल्यावर, गुडघे फुलपाखरासारखे फडफडवू नयेत, ते आपल्या वजनाने खाली येऊ द्यावेत. मार्जारासन (हात-गुडघ्यांवर राहून पाठ मांजरासारखी वर-खाली वाकवणे), पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडणे आणि दात घासताना एका पायावर उभे राहणे, हे तर कोणालाही जमेल.

खांद्यांसाठी भिंत पुरेशी आहे. टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवून माकडहाड, पाठीचा वरचा भाग आणि डोके भिंतीला टेकवावे आणि कोपरांत वाकवलेले हात भिंतीला घासत सावकाश वर न्यावेत. ज्याचे हात अर्ध्यातच भिंत सोडतात, त्याचे खांदे घोड्यावर केवळ सूचनेने मागे जाणार नाहीत. हात शांत राहावेत म्हणून गुडघे आणि तळहात जमिनीवर टेकवून उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी लांब करावा, मग बाजू बदलावी. पाठीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आहे असे समजून धड हलू द्यायचे नाही. धड स्थिर आणि हातपाय स्वतंत्र, हेच लगाम धरताना हवे असते.

डाव्या-उजव्या बाजूतील फरक घालवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. कडक लाकडी स्टुलावर दोन्ही तळहात बुडाखाली घेऊन बसले की बैठकीची दोन हाडे तळव्यांना टोचतात. माझे उजवे हाड नेहमी जास्त टोचत असे. वीस वर्षे पैशांचे पाकीट पँटच्या मागच्या खिशात ठेवून त्यावर बसणे, एकाच खांद्यावर बॅग अडकवणे, अशा सवयींचा त्यात मोठा हात असावा असे मला वाटते. मोठ्या जिम बॉलवर बसून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, खांदे न हलवता वजन एका हाडावरून दुसऱ्यावर नेण्याचा सराव रोज पाच मिनिटे केला. बॉल एवढा उंच असावा की गुडघे खुब्यांपेक्षा थोडे खाली राहतील. दोन महिन्यांनी माझा मुलगा मागून फोटो काढत असताना प्रथमच माझे दोन्ही खांदे एका पातळीत दिसले.

काही सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. घोड्यावर चढण्यापूर्वी बराच वेळ ताणून धरण्याचे व्यायाम करू नयेत. तेव्हा दहा मिनिटे चालणे, पाय झुलवणे आणि खुबे गोल फिरवणे पुरे, ताणणे नंतर करावे. सगळा आखडलेपणा स्नायूंचा नसतो. काहींच्या खुब्याच्या हाडांचा आकारच असा असतो की ठरावीक मर्यादेपलीकडे पाय जात नाही. जांघेत खोलवर टोचत असेल, सांधा अडकत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलांना मोठ्यांनी दाबून ताणू नये.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघाने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली नेमकेपणाने करवून घेण्याच्या प्रकाराचे, सांघिक सुवर्णपदक जिंकले; अश्वारोहणातील आधीच्या सुवर्णाला तेव्हा ४१ वर्षे झाली होती. त्या संघातील सुदिप्ती हजेला इंदूरची, म्हणजे आपल्यापासून फार दूरची नव्हे. ड्रेसाजमध्ये स्वार काहीच करत नाही असे पाहणाऱ्याला वाटते आणि तेच त्याचे कौशल्य असते. आपल्या मुलांनी तेथपर्यंत जावे अशी इच्छा असेल, तर त्यांची शरीरे त्या दृष्टीने घडवण्याची व्यवस्था हवी.

म्हणून शहरातील घोडेस्वारी वर्गांच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे. प्रत्येक तासातील पंधरा-वीस मिनिटे जमिनीवरील व्यायामाला द्यावीत, प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाचे खुबे आणि पाठ एकदा तपासून नोंद ठेवावी, आणि पावसाळ्यात वर्ग बंद ठेवण्याऐवजी एखाद्या सभागृहात कमी शुल्कात आठवड्यातून तीन दिवस हा सराव घ्यावा. नागपुरात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, शारीरिक शिक्षणाचे पदवीधर आहेत, महाल भागातल्या जुन्या आखाड्यांची परंपरा आहे आणि शंभर वर्षांहून अधिक काळ व्यायामशिक्षण देणारे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शेजारच्या अमरावतीत आहे. या सर्वांची मदत मागितली तर ती नाकारली जाईल असे मला वाटत नाही.

आणखी एक मागणी आहे. पाऊस सरून मैदान वाळेल आणि घोडे पुन्हा बाहेर निघतील, तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रत्येक स्वाराच्या रपेटीनंतर खोगीर उतरवून नमदा उलटावा आणि घामाचा ठसा त्या स्वाराला त्याच्या मोतद्दारासमक्ष दाखवावा.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर