आई, त्या दिवशी तू ‘नाही’ म्हणालीस

प्रिय आई आणि बाबा,

गेल्या आठवड्यात फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, “त्या दिवशी तुला पैसे दिले असते तर तुझी नोकरी तरी राहिली असती.” मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. दोन वर्षं तू हे मनात घेऊन बसली आहेस, आई? फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं. मला रडू आलं असतं आणि मग तूच मला समजावत बसली असतीस. म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा. यात तुमच्यासाठीही बरंच आहे.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. बाळंतपणानंतरची जागरणं, हातात फोन, त्यावर पैसे लावून खेळायचा जुगाराचा एक खेळ, पहिल्याच आठवड्यात जिंकलेले थोडे पैसे. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पण तुम्हाला कळलं कसं नाही, असं तुम्ही दोघं अजून एकमेकांना विचारता, ते मात्र सोडून द्या. दारूला वास असतो. दारू प्यायलेला माणूस अडखळतो, डोळे लाल होतात. मी तुमच्यासमोर बसून, मुलीला मांडीवर घेऊन, तुमच्याशी बोलत बोलत खेळले आहे. आणि जुगार म्हटला की कुणाच्याही डोळ्यांसमोर पुरुष येतो. घरातली लेक येत नाही. माझ्या नवऱ्यालाही कळलं नव्हतं आणि तो तर त्याच खोलीत झोपत होता.

बाबा, तुम्ही एकदा म्हणालात, “तुझं गणित तर चांगलं होतं.” ते मला फार लागलं होतं, कारण ते खरं होतं. रुलेट या जुगारात फिरत्या चाकावरची गोळी कुठल्या खान्यात थांबेल त्यावर पैसे लावतात. त्याच्या एका प्रकारच्या चाकावर ३७ खाने असतात. १८ लाल, १८ काळे आणि एक शून्याचा. लालवर लावलं तर जिंकायची शक्यता निम्म्याहून थोडी कमी, पण जिंकल्यावर पैसे मिळतात ते मात्र शक्यता बरोबर निम्मी असल्याच्या हिशेबाने. त्या एका शून्यावर सगळा धंदा उभा असतो. हे मला खेळायच्या आधीही माहीत होतं. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत चाकावर सलग २६ वेळा काळा आला होता. लोक प्रत्येक वेळी लालवर अधिकाधिक लावत गेले, आता तरी लाल यायलाच हवा म्हणून, आणि बुडाले. चाकाला आठवण नसते. मागे काय आलं ते त्याला माहीत नसतं. हेही मी शाळेत तुमच्याकडूनच शिकले होते, नाणं उडवून. तरीही रात्री दोन वाजता मला वाटायचं की इतके हरले आहे म्हणजे आता जिंकायची वेळ आली आहे. गणित येणं वेगळं आणि त्या वेळी ते हाताशी असणं वेगळं.

समुपदेशक बाईंनी मला एक गोष्ट समजावली, ती तुम्हालाही सांगते. अगदी थोडक्यात हुकलेला डाव हाही हरलेलाच डाव असतो. पण मेंदूला तो तसा वाटत नाही. तीन सारखी चित्रं जुळवायच्या जुगारात दोन चित्रं जुळली आणि तिसरं एक घर खाली थांबलं, की जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही तेव्हाही जागे होतात. मेंदूच्या तपासण्या करून हे पाहिलेलं आहे. शिवाय बक्षीस कधी येणार याचा नेम नसला की माणूस त्या गोष्टीला सर्वांत घट्ट चिकटतो. मी हरत होते आणि माझ्या डोक्याला वाटत होतं की मी जवळ पोचते आहे. हे ऐकलं तेव्हा मी त्यांच्यासमोर बराच वेळ गप्प बसले होते. इतकी वर्षं मी स्वतःला मूर्ख म्हणत होते.

आता पैशांबद्दल. मी तुमच्याकडे तीन वेळा पैसे मागितले. पहिल्यांदा दवाखान्याचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा घराच्या हप्त्याचं. दोन्ही खोटं होतं. तिसऱ्यांदा खरं सांगितलं. बाबा, तुम्ही एक शब्द न बोलता निवृत्तीच्या पैशातली ठेव मोडलीत. कागद घेऊन बसलात, म्हणालात, कुणाकुणाचे देणे आहे ते सगळं लिही. मी लिहिलं. आणि त्यातली दोन देणी लपवली. तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे. तुम्ही समोर बसला होतात, पेन तुमचं होतं, तरीही मी लपवली, कारण सगळंच सांगितलं तर पुढे खेळायला जागा उरणार नव्हती. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती घेताना मी खोटं बोलत नव्हते, बाबा. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की संपलं. पण देणी फिटली, लोकांचे फोन बंद झाले, पुन्हा उसने मागायला तोंड मोकळं झालं. अकराव्या दिवशी मी खेळत होते.

मग ऑफिसातल्या चौघांकडून घेतलेले पैसे थकले आणि मी चौथ्यांदा फोन केला. बाबा बाहेर गेले होते, आई, तू उचललास. मी रडले, ओरडले, नोकरी जाईल म्हणाले, तुझ्यामुळे जाईल असंही म्हणाले. तू बराच वेळ काही बोलली नाहीस. मग म्हणालीस, “नाही. पैसे नाही देणार. पण तू घरी ये. आत्ता निघ.” आणि फोन ठेवलास.

आई, तू पैसे दिले असतेस तर ते त्या चौघांपर्यंत पोचलेच नसते. मला ते आज जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरं काही दिसत नाही. मी आधी ते दुप्पट करायला गेले असते. नोकरी गेलीच असती, आठ-पंधरा दिवस उशिरा, आणि सोबत तुमचं उरलंसुरलंही गेलं असतं. त्या रात्री मला जगणंच नको झालं होतं. हे तुला माहीत नाही. घरात कुणालाच माहीत नव्हतं. मोबाईल बाजूला ठेवून मी अंधारात बसले होते आणि तुझे तेवढेच शब्द डोक्यात होते. पैसे नाहीत, पण ये. त्याआधी मला सगळे एक तर पैसे देत होते नाहीतर तोंड फिरवत होते. पैसे न देता ये म्हणणारी तू एकटी होतीस. मी उठले, नवऱ्याला उठवलं आणि सगळं सांगितलं, ती लपवलेली दोन देणीसुद्धा. पहाटे आम्ही तुमच्या दारात होतो.

पुढे उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी मला लक्षणांची यादी वाचून दाखवली. जुगाराच्या या विकाराची नऊ लक्षणं मानतात आणि वर्षभरात त्यातली चार दिसली तरी निदान होतं. तीच मजा यायला दर वेळी जास्त पैसे लावावे लागणं. थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा जाणं. खोटं बोलणं. प्रत्येकाला मी मान डोलावत होते. नववं लक्षण होतं, पैशांच्या कोंडीतून सुटायला दुसऱ्यांवर अवलंबून राहणं. तिथे माझी मान खाली गेली. म्हणजे तुम्ही काळजीपोटी जे देत होतात ते माझ्या आजारात मोजलं जात होतं. यात तुमची चूक काढत नाही, बाबा. कुठल्या बापाला हे माहीत असतं? लेकीचं घर बुडताना दिसलं तर हात पुढे करणारच. मी फक्त एवढंच सांगते आहे की आईने त्या दिवशी हात आखडला नव्हता.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हा विकार आपल्या मानसिक विकारांच्या यादीत १९८० मध्ये घेतला, पण तेव्हा तो चोरी करण्याच्या किंवा आग लावण्याच्या अनावर ऊर्मीच्या रांगेत होता. २०१३ मध्ये त्यांनी तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर ठेवला. मला हे वाचून बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. बरं अशासाठी की याला नाव आहे, उपचार आहेत. भीती अशासाठी की आजार म्हटलं की हात झटकता येतात. मी झटकणार नाही. खोटं मी बोलले. ठेव माझ्यामुळे मोडली. आजार होता हे खरं आणि हेही खरं.

घराबद्दल लिहायचं तर एकच गोष्ट लिहिते, बाकीच्या तुम्ही पाहिल्या आहेत. तुमची नात तीन वर्षांची असताना एकदा बाहुलीशी खेळत होती. हातात लाकडाचा एक चौकोनी ठोकळा होता, तो चेहऱ्यासमोर धरलेला. बाहुलीकडे न बघता ती म्हणत होती, “थांब हं, एकच मिनिट. एकच मिनिट.” मी दारात उभी होते. माझ्याही हातात फोन होता. तेव्हाही मी थांबले नाही, तो डाव पूर्ण केला. हे मी जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एकानेही मान वळवली नाही. प्रत्येकाकडे असं काहीतरी होतं.

त्या बैठकींना मी अजून जाते. आमचा गट गॅम्बलर्स अनॉनिमसचा. जुगार सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचं हे काम १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं. तिथे कुणी कुणाला उपदेश करत नाही. नव्या माणसापुढे वीस प्रश्न ठेवतात आणि त्याचं उत्तर त्यानेच शोधायचं. गॅम-अनॉन म्हणून घरच्यांसाठीही वेगळा गट असतो. तुमचे जावई तिथे काही महिने जात होते. माझ्यामुळे त्यांची झोप गेली होती, पैसे गेले होते, आणि आमच्यात बोलणं असं काही उरलंच नव्हतं, नुसती चौकशी आणि माझी उत्तरं. आता पगार त्यांच्या खात्यात जमा होतो. नवी नोकरी लहान आहे, पण आहे. खर्चाला लागतील तेवढेच पैसे मी घेते आणि पावत्या एका डब्यात टाकते. सुरुवातीला मला त्या डब्याचा राग यायचा. आता कधी पावती विसरले तर मीच परत जाऊन आणते. माझ्या फोनवर ते खेळ उघडू नयेत अशी सोय करून घेतली आहे आणि तिचा पासवर्ड मला माहीत नाही.

एक कबुली राहिली. पाचव्या महिन्यात मी एकदा घसरले. एका सहकाऱ्याच्या फोनवरून, वीस मिनिटं. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, पण तुमच्या जावयांना त्याच संध्याकाळी सांगितलं. आधी असं झालं असतं तर मी ते महिनाभर लपवलं असतं आणि ते लपवण्यासाठीच पुन्हा खेळले असते. समुपदेशक बाईंनी रागावण्याऐवजी मला वहीत लिहायला लावलं, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते. लिहिता लिहिता दिसलं, मी खेळायला सुरुवात दुपारी केली नव्हती. सकाळी, ज्याचे पैसे मला द्यायचे होते अशा एकाचा फोन आला आणि मी तो कुणालाच सांगितला नाही, तेव्हाच सुरुवात झाली होती. त्यानंतर एकोणीस महिने झाले.

बाबा, मागच्या वेळी मी आले तेव्हा टेबलावर तुमचं पाकीट होतं. मी खोलीत शिरले आणि तुम्ही ते उचलून खिशात टाकलंत. मग तुम्हालाच कसंसं झालं असावं. थोड्या वेळाने, मी पाहत नाही असं वाटून, तुम्ही ते पुन्हा टेबलावर ठेवलंत. मी पाहिलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी ते खिशातच ठेवा, आणि माझ्यासमोर ठेवा. माझ्यावर विश्वास टाकायची घाई करू नका. मीही घाई करत नाही. तुमच्या ठेवीचे पैसे मी दर महिन्याला थोडे थोडे परत करते आहे, ते नको म्हणू नका. मागच्या महिन्यात तुम्ही तो हप्ता नातीच्या नावावर टाकलात असं मला कळलं. तसं करू नका, बाबा. तो तुमच्या खात्यात राहू दे. मला ते फेडायचे आहेत, तुम्हालाच.

आणि पुन्हा कधी माझा फोन आला, मी रडत असले, कारण कितीही खरं वाटलं, तरी पैसे देऊ नका. आधी जावयांना फोन करा. मी आज शुद्धीवर असताना हे सांगते आहे, तेव्हा काही वेगळं बोलले तर हे पत्र काढून वाचा.

आई, तुझ्याकडे एक मागायचं आहे. ऊर्मी अजून येते, बहुतेक रात्री मुलगी झोपल्यावर. ती येते, चढते आणि काही न करता थांबलं तर ओसरते. मला ती पंधरा-वीस मिनिटं काढायची असतात. तशी वेळ आली तर मी तुला फोन करीन. मी कारण सांगणार नाही, तूही विचारू नकोस. शेजारी काय झालं, बाबांचं औषध संपलं का, कुंडीत काय उगवलं, काहीही बोल. घड्याळ मी बघेन. उशीर झाला असला तरी उचल.

तुमची लेक